भिडेचा होकार

पत्र थोडक्यात : नौपाड्यात वाढलेली, दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली २९ वर्षांची एक मुलगी गेली दोन वर्षं थायलंडच्या ईशान्येकडच्या एका लहान गावात सरकारी शाळेत इंग्रजी शिकवते. एम.ए. झालंय, बी.एड. नाही. नोकरी एजन्सीमार्फत मिळाली. आठवड्याला २२ तास, एकेका वर्गात चाळीसेक मुलं. पहिल्या वर्षीच्या शिलकीतून तिने कॅमेरा घेतला आणि तिथल्या रोजच्या जगण्याचे फोटो इन्स्टाग्रामवर टाकायला लागली. लोकांना ते आवडले. सगळ्यांत गाजला तो वर्गातल्या एका मुलीचा, पत्र्याच्या घराच्या पायरीवर आजीला टेकून बसलेली. दोघींनी हसून होकार दिला होता. तीन महिन्यांनी शाळेतल्या एका थाई शिक्षिकेने हळूच सांगितलं, की आपलं घर असं जगाला दिसलं याचं त्या कुटुंबाला फार वाईट वाटलं. पत्र लिहिणाऱ्या मुलीने फोटो काढून टाकला, पण तेव्हापासून कॅमेरा हातात घेववत नाही. इकडे ठाण्यात नातेवाईक म्हणतात, "तुझं काय बाई, रोजच सहल." तेच काम करणाऱ्या गोऱ्या शिक्षकाला आपल्यापेक्षा बराच जास्त पगार आहे, आणि एका पालकाने "खरी इंग्रजी टीचर कधी येणार?" असं विचारलं होतं, हे तिने आईला सांगितलेलं नाही. सध्या ती सुट्टीवर घरी आहे. शाळा मेच्या मध्यावर उघडेल. करार वाढवायचा की नाही ते त्याआधी कळवायचंय. आई म्हणते, परत ये. ती लिहिते : "परत आले तर फोटोग्राफी संपली. ठाण्यात फोटो काढण्यासारखं आहे काय? आणि गेले तर कोणत्या तोंडाने कॅमेरा उचलू?"

तुझं पत्र दोनदा वाचलं. माझ्या मुलीच्या वयाची आहेस, म्हणून एकेरीतच लिहिते.

तू करार, आई, पगार असं बरंच विचारलं आहेस, पण पत्रातल्या निम्म्या ओळी त्या एका फोटोभोवती फिरतात. तिथूनच सुरुवात करू.

"मी विचारलं होतं, त्या हो म्हणाल्या होत्या," असं तू दोन ठिकाणी लिहिलंस. विचारलं असणारच. पण विचारणारी कोण होती ते आठव. नातीची बाई, परदेशातून आलेली, पहिल्यांदाच दारात उभी. ज्या देशात शाळा सुरू झाल्यावर मुलं फुलं घेऊन शिक्षकांपुढे गुडघे टेकतात आणि त्या सोहळ्याला 'वाय ख्रू' म्हणतात, तिथे घरी आलेल्या ख्रूला नाही कसं म्हणायचं? ख्रू म्हणजे आपला गुरूच. शब्द इथूनच गेला आहे.

तिथला 'क्रेंगजाय' हा शब्दही आता तुझ्या ओळखीचा असेल. समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून स्वतःचं मन मागे घ्यायचं. इंग्रजीत त्याचं भाषांतर करताना एक अख्खं वाक्य लागतं. आपल्याला ते कळायला काहीच अडचण नाही, कारण आपल्याकडे भीड आहे. यजमानांनी "अजून एक पोळी वाढू का" म्हटलं की पोट भरलेलं असतानाही आपण पान पुढे करतो. भीड भिकेची बहीण, असं आपल्याकडे म्हणतात ते भीड ठेवणाऱ्याचं नुकसान होतं म्हणून. त्या आजींनी तुला दिला तो भिडेचा होकार होता. तू फसवलं नाहीस. पण त्या होकाराच्या आधारावर तो फोटो हजारो लोकांपुढे ठेवण्याइतकं बळ त्यात नव्हतं.

मला हे इतकं आतून कळतं त्याला कारण आहे. मी वाढले ती चाळ चेंदणी कोळीवाड्यापासून पाच मिनिटांवर. मी आठवीत असताना एक गृहस्थ कॅमेरा घेऊन चाळीत आले. सज्जन, मृदू बोलणारे. आई नळावर होती. कळशी कमरेवर, साडी वर खोचलेली, केस विस्कटलेले. त्यांनी विचारलं, आई लाजून हसली, त्यांनी फोटो काढला. पुढच्या वर्षी एका संस्थेच्या दिनदर्शिकेत तो छापून आला. सुंदर फोटो होता, आजही म्हणेन. आईने तो बघितला आणि एवढंच म्हणाली, "धड साडी नेसायला वेळ तरी द्यायचा होता." तो महिना आला तेव्हा तिने पान उलटून पुढचाच महिना वर लावला. त्या महिनाभर आमच्या घरी तारखा चुकत राहिल्या.

त्या गृहस्थांनी आईला "फोटो काढू का" विचारलं होतं. "तुम्हाला कसं दिसायला आवडेल" हे विचारलं नव्हतं, आणि फोटो कुठे जाणार हे तर सांगितलंच नव्हतं. तुझ्या हातून नेमकं हेच राहिलं. म्हणून यापुढे फोटो काढताना विचारशील तेव्हा हे उरलेलं दोन्ही विचार. आणि सगळं एका दमात विचारू नकोस. काढायची परवानगी तेव्हा माग, दाखवायची परवानगी आठवड्याने. मध्ये प्रिंट काढून त्यांच्या हातात दे. दुसऱ्यांदा विचारायला स्वतः जाऊ नकोस, त्या थाई शिक्षिकेला पाठव. तिला नाही म्हणणं त्यांना तुझ्यापेक्षा सोपं जाईल, आणि नकार आला तर तो खरा असेल.

थाई शिकते आहेस असं लिहिलं आहेस. परवानगी मागायला ते 'खो अनुयात' म्हणतात. 'अनुयात' हा पाली वाटेने गेलेला आपला 'अनुज्ञात'. फोटोला 'रूप' म्हणतात, ते तर जसंच्या तसं. "मला तुमच्या रूपाची अनुज्ञा द्या" असं मनातल्या मनात मराठीत म्हणून बघ आणि मग कॅमेरा डोळ्याला लाव. मागणं केवढं मोठं आहे ते तुझ्या हातालाच जाणवेल.

वर्गातल्या मुलांच्या बाबतीत मात्र माझं मत ठाम आहे आणि ते मी मऊ करणार नाही. जोवर तू त्यांचे पेपर तपासतेस, गुण देतेस, तोवर त्यांचे चेहरे तुझ्या इन्स्टाग्रामवर नकोत. पालकांनी हो म्हटलं तरी नकोत. थायलंडचा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा १ जून २०२२ पासून पूर्ण लागू झाला. आपल्याकडच्या २०२३ च्या कायद्याने अठरा वर्षांखालच्या मुलांची डिजिटल माहिती वापरताना पालकांची पडताळता येईल अशी संमती मागितली आहे. कोणत्या फोटोला कोणतं कलम लागतं हे वकिलाने सांगावं, पण मुलाचा चेहरा ही शिक्षकाच्या हातातली वस्तू नाही, इतकं दोन्हीकडे आता मान्य झालं आहे. हे मी तुझ्या निमित्ताने ठाणे-कळवा-ऐरोलीतल्या शिक्षकांनाही सांगते आहे. वर्गातल्या मुलाने फाटका शर्ट घातलाय आणि गोड हसतोय, असा फोटो स्टेटसला ठेवताना तुमचा हेतू प्रेमाचा असतो. तो मुलगा नववीत जाईल तेव्हा त्याच फोटोवरून त्याला वर्गात चिडवतील.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. "ठाण्यात फोटो काढण्यासारखं आहे काय?"

मला हे वाक्य टोचलं, आणि ठाण्याच्या अभिमानाने नाही. तिथली पत्र्याची पायरी तुला फोटो वाटते आणि आपल्या इमारतीतला जिना वाटत नाही. का? तिथल्या बाजारातली भाजीवाली तू चाळीस वेळा टिपलीस, जांभळी नाक्यावर तुझ्या आईला गेली वीस वर्षं मेथीची जुडी निवडून देणारी बाई एकदाही नाही. मला वाटतं, इथे तुला भीड वाटते. ती बाई ओळखते. "कशाला गं, कुठे टाकणार, माझा अवतार बघ" असं तोंडावर म्हणेल. तिथे भाषा अर्धीमुर्धी कळते, म्हणून नकारही अर्धामुर्धा ऐकू येतो. फोटो काढणं तुला तिकडे सोपं गेलं ते त्यामुळेही असेल. रागावू नकोस, पण याचा विचार कर.

हाताशी अजून काही आठवडे आहेत. या दिवसांत कॅमेरा बाहेर काढ आणि आधी स्वतःच्या घरात परवानगी मागायला शीक. आईला विचार, तिला स्वयंपाकघरात फोटो चालेल की बाहेरच्या खोलीत, कोणत्या साडीत, चष्म्यासकट की चष्म्याशिवाय. ती सांगेल तसाच काढ. तुला तो कृत्रिम वाटेल, ताठ बसलेला, खिडकीचा उजेड चुकीच्या बाजूने आलेला. तरी काढ. मग तिच्या हातात कॅमेरा दे आणि तुझा फोटो काढू दे, तू वाईट दिसत असताना, आत्ताच उठलेली असताना. आणि तो कुणाला पाठवायचा हेही तिलाच ठरवू दे. पोटात जो गोळा येईल तो लक्षात ठेव. संध्याकाळी तलावपाळीला जा. मासुंदाच्या कडेला बसलेल्या म्हाताऱ्यांशी अर्धा तास बोल आणि मग एकच फोटो माग. अजून खाडीवर रोहित पक्षी (फ्लेमिंगो) असतील, मेअखेरपर्यंत बरेचसे थांबतात. रोज ऐरोलीच्या पुलावरून ज्यांना नुसतं गुलाबी ठिपक्यांसारखं बघितलं ते जवळून बघ. पक्ष्यांना परवानगी लागत नाही, तेवढाच हाताला आराम.

नातेवाईकांच्या "रोजच सहल"बद्दल मी थोडक्यात सांगते, कारण उपाय तुझ्याकडेच आहे. तू त्यांना कमळांचं तळं दाखवलंस, भातशेतावरचं धुकं दाखवलंस, नदीवर दिवे सोडतात ती लॉय क्रथाँगची रात्र दाखवलीस. ती त्रिपुरी पौर्णिमेचीच रात्र, हे सांगितलं असतंस तर आई तरी जवळ आली असती. सकाळी आठला तू झेंड्यासमोर मुलांच्या रांगेशेजारी घामेजून उभी असतेस, तेव्हा इथे साडेसहा वाजलेले असतात आणि आई चहा टाकत असते. त्या वेळी एक साधा फोटो पाठव. तपासायच्या वह्यांचा गठ्ठा. खोलीतला घरघरणारा पंखा. पावसात न वाळलेले कपडे. इन्स्टाग्रामवर नको, फक्त आईला. आणि तिच्याकडून उलट एक माग : दारातली रांगोळी, गॅसवरचं पातेलं, काहीही. तीन महिन्यांत तिला तुझा दिवस कळायला लागेल. "परत ये" म्हणणाऱ्या आया पुष्कळदा "तू तिथे काय करतेस ते मला दिसत नाही" असं म्हणत असतात.

पगाराचं मात्र फोटोतून नको, समोर बसून सांग. जायच्या आधी सांग. तू ते लपवलंस कारण तुला त्याची लाज वाटते, आणि लाज वाटावी असं त्यात तुझं काही नाही. गोऱ्या चेहऱ्याला जास्त पैसे देणारा बाजार तू तयार केलेला नाहीस. त्या पालकाचं वाक्य वाचून मला राग आला, अजून आहे.

पण "खरी इंग्रजी टीचर" या शब्दांवर तू स्वतःही थोडा विश्वास ठेवलेला दिसतो. "माझं इंग्रजी शेवटी मराठी माध्यमातलंच," असं लिहिलंस म्हणून म्हणते. आमच्या पिढीला इंग्रजी पाचवीत भेटलं. २००० साली मराठी शाळांत ते पहिलीपासून आलं, त्या पहिल्या काही तुकड्यांतली तू. ज्या बाईंनी तुला शिकवलं त्यांचीही ती मातृभाषा नव्हती. नामाआधी 'ए' लावायचा, 'द' लावायचा की काहीच नाही, यावर तू किती वर्षं अडखळलीस ते आठव. मराठीत ती भानगडच नाही. थाईतही नाही. थाई क्रियापद काळाप्रमाणे बदलत नाही, नामाला अनेकवचनाचा प्रत्यय लागत नाही, आणि शब्दाच्या शेवटचा 'स' त्यांच्या तोंडी 'त'कडे झुकतो. जन्मापासून इंग्रजी बोलणाऱ्याला हे चूक म्हणून दिसतं. तुला ते मूल कोणत्या पायरीवर अडलं आहे हे दिसतं, कारण आपणही परक्या भाषेच्या पायऱ्या मोजत चढलो. शिवाय त्यांची लिपी ब्राह्मीच्याच घराण्यातली, वर्णमाला आपल्यासारखीच क-ख-ग-घ-ङ अशा वर्गांनी लावलेली. थाई वाचायला शिक. मुलांच्या वह्यांच्या समासात त्यांनी स्वतःसाठी केलेल्या टिपा तुला वाचता येतील, आणि वर्गात काय कळलं नाही ते परीक्षेआधी समजेल. पगारवाढ मागताना एजन्सीपुढे ही गोष्ट ठेव. मिळेलच असं नाही, पण मागणं लेखी कर.

आता जायचं की नाही.

माझा कल एक वर्ष जाण्याकडे आहे. तू जे अर्धवट टाकून येशील ते ठाण्यात बसून नीट करता येणार नाही, म्हणून. पण काही गोष्टी पक्क्या करून जा. नव्या करारात तासांची संख्या, सुट्टीतला पगार आणि वर्क परमिट, व्हिसा यांचा खर्च कोणाचा हे लिहून घे. बी.एड. नसताना शिकवायला तिथल्या शिक्षक परिषदेची, खुरुसफाची, मुदतीची परवानगी लागते. ती पुन्हा मिळण्याचे नियम बदलत असतात, म्हणून आत्ताचा नियम शाळेच्या कार्यालयाकडून लेखी माग, एजन्सीच्या तोंडी भरवशावर राहू नकोस. सुट्टीवर येताना री-एंट्री परमिट घेतलं होतंस ना? ते न घेता देश सोडला तर मुक्कामाची वाढवलेली मुदत रद्द होते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी त्यात अडकतं.

आणि तो कॅफेवाला, जो पैसे देऊन फोटो काढायला बोलावतो आहे, त्याला नम्रपणे नाही म्हण. तुझा परवाना शिकवण्याच्या कामाचा आहे. दुसरीकडे पैसे घेऊन फोटो काढलेस तर दंड आणि देशाबाहेर रवानगी, दोन्ही होऊ शकतं. "मैत्रीत, फुकट" काढते म्हटलं तरी सुटका होईलच असं नाही, तिथे कामाची व्याख्या पगारावर थांबत नाही. छंद छंदच राहू दे.

बी.एड.चा विचार मात्र या वर्षातच कर. इथे शाळेत कायम लागायचं तर ते लागणार, आणि तिथे पूर्ण परवाना हवा असेल तर शिक्षणशास्त्राची पदवी सगळ्यांत सरळ वाट. म्हणजे ठाणे निवडलंस काय किंवा थायलंड, दोन्ही रस्ते याच नाक्यावरून जातात. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आहे. त्या दोन वर्षांची फी या एका वर्षात बाजूला पडणार नसेल, तर माझा कल मी बदलते आणि आईच्या बाजूने बोलते.

पहिल्यांदाच बाहेर शिकवायला निघालेल्या वाचकांनीही हे हिशेब तिकीट काढण्याआधी करावेत. पोलिसांचा दाखला वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून मागता येतो. पदवीचं साक्षांकन मात्र वेळ खातं, त्याला दोन महिने हाताशी ठेवा. जाहिरातीत 'नेटिव्ह स्पीकर' असं लिहिलं असेल तर आपल्याला घेणार का आणि कोणत्या पगारावर, हे पहिल्याच फोनवर विचारा. भीड बाळगू नका.

तू गेलीस तर पहिल्या पंधरा दिवसांत त्या आजींकडे जा. त्या शिक्षिकेला बरोबर घे. फोटोची प्रिंट नेऊ नकोस, त्यांना तो नको आहे. कॅमेरा खोलीवर ठेव. माफी थाईत माग, दोन वाक्यांत, आणि का काढला, कसा आवडला याचं स्पष्टीकरण देऊ नकोस, नाहीतर तुझं समाधान करायची जबाबदारी पुन्हा त्यांच्यावर येईल. त्या हसून "काही नाही, काही नाही" म्हणतील. त्याही हसण्यात भीड असेल, ती राहू दे. पायरीवर थोडा वेळ बस. नातीचा अभ्यास कसा चाललाय ते सांग. आईला बेसनाचे लाडू करायला सांग आणि डबा पिशवीत हाताशी ठेव. प्रवासात ते बिघडत नाहीत, आणि कोणी केले असं आजींनी विचारलं तर तुला तुझ्या घराबद्दल बोलता येईल.